टोनचं बटण काढू नका

एकच पिकअप असलेल्या इलेक्ट्रिक गिटारवरचं टोनचं बटण हे निव्वळ शोभेचं असतं, ते काढून टाकलं तर आवाज उलट जास्त मोकळा होतो, असं म्हणणारी मंडळी हल्ली फार भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते पिकअप एकच असेल तर टोनच्या बटणाची गरज दुप्पट होते. अडचण एवढीच आहे की ते बटण बहुतेक गिटारींत अशा रीतीने जोडलेलं असतं की कुणाला ते फिरवावंसं वाटू नये! दोष बटणाचा नाही, जोडणीचा आहे. आणि जोडणी बदलायला एका वडापावाइतकासुद्धा खर्च येत नाही.

आता आमचे काका-मावश्याही हा ब्लॉग वाचतात (आणि मग फोनवर "ते तुझं लोखंडाचं काय लिहिलं होतंस रे?" असं विचारतात), तेव्हा दोन ओळी त्यांच्यासाठी. इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पोट नसलं तरी चालतं, कारण तिचा आवाज तारांखाली बसवलेला पिकअप उचलतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत चिमूटभर वीज तयार होते. ती व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांतून जाते, पुढे केबलमधून ॲम्पमध्ये. बऱ्याच गिटारींवर असे दोन-तीन पिकअप असतात. मानेजवळचा गोड, गोलसर बोलतो, ब्रिजजवळचा तिखट. खटका मारला की माणूस बदलल्यासारखा आवाज बदलतो. एकच पिकअप असेल तर तो पळवाटेचा खटका नाही. जे काही करायचं ते दोन बटणांत आणि दोन हातांत.

आणि टोनचं बटण ही काही गिटारवाल्यांनी लावलेली अफलातून गोष्ट नाही. आपल्या घरांतल्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर ते असायचंच. रेडिओ सिलोन लावलं आणि खरखर वाढली की टोन डावीकडे पिळायचा. खरखर कमी व्हायची आणि गाणं पांघरुणात शिरल्यासारखं वाटायचं. साध्या रेडिओंत आत काय असायचं? एक कपॅसिटर आणि एक फिरता रोध, म्हणजे पॉट. गिटारमध्येही तेच. टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर ज्यांनी बाजारात आणल्या ते लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी १९३८ साली त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं, आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. अर्थात त्यांच्याही आधी, १९३६ मध्ये आलेल्या गिब्सनच्या ईएस-१५० वर एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन असाच थाट होता. हीच गिटार घेऊन चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या ताफ्यात गेला आणि जॅझमध्ये गिटार ठेका धरण्यापुरती न राहता पुढे येऊन बोलायला लागली. १९४२ मध्ये तो गेलासुद्धा, पंचवीस वर्षांचा. एवढ्या अवधीत जे केलं ते एका पिकअपवर.

तर आत नेमकं काय घडतं? कपॅसिटर हा तीव्र कंपनांना सहज वाट देतो आणि खर्जाला अडवतो. टोनच्या पॉटमधून कपॅसिटर अर्थला, म्हणजे जमिनीला जोडलेला असतो. बटण १० वर असताना वाटेत पूर्ण रोध उभा असतो (सिंगल कॉइलच्या गिटारीत बहुधा २५० किलोओहम, हंबकरच्या गिटारीत ५००), त्यामुळे फारसं काही निसटत नाही. बटण खाली आणलं की रोध कमी होतो आणि आवाजातला तिखटपणा त्या वाटेने जमिनीत जातो. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण याच्या पुढची गोष्ट क्वचितच सांगितली जाते, आणि माझं सगळं म्हणणं तिच्यावर उभं आहे.

पिकअप म्हणजे वेटोळं. त्याला इंडक्टन्स असतो. वेटोळं आणि कपॅसिटर एकत्र आले की एका विशिष्ट कंपनसंख्येला ते उचल खातात. शाळेच्या पुस्तकातला अनुनाद तो हाच. टोन १० वर असताना टोनचा कपॅसिटर जवळपास खेळात नसतो, पण केबल असते. केबल हाही एक कपॅसिटरच आहे, मीटरला साधारण १०० पिकोफॅरडचा. वेटोळ्याचा इंडक्टन्स अडीच हेन्री धरला आणि केबल वगैरे सगळं मिळून ६०० पिकोफॅरड, तर हा उंचवटा चार हजार हर्ट्झच्या आसपास येतो. गिटारीची सगळ्यात बारीक तार मोकळी वाजवली तर तिचा मूळ स्वर ३३० हर्ट्झ. म्हणजे हा उंचवटा मूळ स्वरापेक्षा किती तरी वर आहे, आणि आवाजाला जी धार, जी काचेसारखी लकाकी असते ती त्याच्यामुळे येते.

आता बटण खाली आणायला लागा. आधी तो उंचवटा झिजतो, आवाज मऊ होतो. आणखी खाली गेलात की मंद. आणि अगदी ० वर पोचलात की नवल घडतं. मधला रोध संपतो, टोनचा कपॅसिटर थेट वेटोळ्याला भिडतो आणि उंचवटा पुन्हा डोकं वर काढतो, पण आता पार खालच्या जागी. ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर असेल तर साधारण ४६० हर्ट्झला. २२ चा असेल तर ६८० ला. १० चा असेल तर हजारावर आणि ४.७ चा असेल तर चौदाशे-पंधराशेच्या मध्ये. म्हणजे एकच बटण दोन कामं करतं: वरच्या टप्प्यात धार बोथट करतं आणि तळाला जाऊन आवाजाचा गळाच बदलतं. एरिक क्लॅप्टनचा क्रीमच्या काळातला (१९६६ ते ६८) तो बंद नाकातून गायल्यासारखा 'वूमन टोन' आठवा. टोन तळाला नेलेला आणि ॲम्प वर चढवलेला. त्याच्या गिटारींवर पिकअप दोन होते, पण युक्ती एका पिकअपलाही तितकीच लागू पडते.

मग लोक टोन का फिरवत नाहीत? कारण ब्रिजजवळ एकच पिकअप असलेल्या किती तरी गिटारींत आतला कपॅसिटर ४७ चा नाहीतर २२ चा असतो, आणि पॉट पुष्कळदा चुकीच्या जातीचा. पॉट दोन जातींचे येतात. आशियाई मालावर 'बी' लिहिलेला सरळ चालीचा आणि 'ए' लिहिलेला लॉग चालीचा. टोनला 'बी' टाकला की १० पासून ३ पर्यंत काहीच कळत नाही आणि शेवटच्या दोन आकड्यांत सगळं एकदम कोसळतं. माणूस दोनदा फिरवून बघतो, "एक तर काही होत नाही, नाहीतर चिखल होतो" असं म्हणतो आणि पुन्हा कधी हात लावत नाही. बरोबरच आहे त्याचं. इस्त्रीला बंद आणि जाळणे असे दोनच टप्पे असतील तर कपडे कोण इस्त्री करेल?

आमची भाची नेमकी याच टप्प्यावर आली होती. तिच्याकडे ब्रिजजवळ एक पिकअप असलेली गिटार आहे. तिने मला आतल्या तारांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, टोन काढून टाकू ना? व्हॅन हेलनने पण ठेवला नव्हता." आता व्हॅन हेलनचं नाव आलं की मामाची पंचाईत! कारण दाखला खरा आहे. १९७८ च्या पहिल्या अल्बमच्या वेळची ती पट्ट्यापट्ट्यांची गिटार त्याने स्वतः जुळवली होती. ब्रिजजवळ एक हंबकर आणि एकच बटण, व्हॉल्यूमचं. गंमत म्हणजे त्या व्हॉल्यूमच्या बटणावर अक्षरं 'टोन' अशी होती, कारण बटणाची टोपी दुसऱ्या गिटारची!

आणि त्या दाखल्यामागे थोडं शास्त्रही आहे, ते मान्य केलंच पाहिजे. टोन १० वर असला तरी त्याचे २५० किलोओहम व्हॉल्यूमच्या २५० किलोओहमशी समांतर असतात, म्हणजे पिकअपला एकूण १२५ चा भार दिसतो. टोन काढला की २५० राहतात, उंचवटा जरा ताठ होतो, धार वाढते. "आवाज मोकळा होतो" हे म्हणणं खोटं नाही. पण व्हॅन हेलनच्या गिटारपुढे फेझर होता, एको होता, मर्यादेपर्यंत चढवलेला मार्शल होता. आणि मुख्य म्हणजे व्हॅन हेलनचा हात होता. त्याने टोनचं काम गिटारच्या बाहेर हलवलं होतं, रद्द केलं नव्हतं. आमच्या भाचीच्या गिटारपुढे आहे एक छोटा सरावाचा ॲम्प, आणि भिंतीपलीकडे शेजारचे आजोबा. तिने टोन काढला तर तिच्याकडे एकच आवाज उरेल, तिखट. आणि चार महिन्यांनी "या गिटारमध्ये काही राम नाही" असं म्हणत ती दोन पिकअपची नवी गिटार बघायला लागेल. ताई, तू हे वाचत असशील तर तुझ्या खिशासाठीच ही सगळी वकिली चालू आहे. आणि तो थोडा मोकळेपणा हवाच असेल तर 'नो-लोड' पॉट मिळतात. ते १० वर गेले की सर्किटमधून आपोआप बाहेर पडतात. बटणही राहतं आणि धारही.

फेंडरच्या एस्क्वायरचं उदाहरण मला या बाबतीत फार शिकवणारं वाटतं. १९५० ची ही गिटार, पिकअप एकच, ब्रिजजवळ. पण तिच्यावर तीन जागांचा खटका! पिकअप एक आणि खटका कशाला? (खरं तर आतल्या लाकडात मानेजवळच्या पिकअपसाठी खड्डाही खोदलेला असायचा, झाकणाखाली रिकामा. अंग दोन पिकअपच्या गिटारचंच होतं.) तर त्या खटक्याच्या मागच्या जागेवर टोन पूर्ण बाजूला पडतो आणि पिकअप फक्त व्हॉल्यूममधून जातो. मधल्या जागेवर टोनचं बटण चालतं. पुढच्या जागेवर ठरावीक कपॅसिटरांमधून आवाज जातो, जाड आणि अंधारा, बेसची नक्कल करण्यासारखा. म्हणजे टोन ठेवावा की काढावा हा वाद त्या माणसांनी तेव्हाच खटक्यावर सोडवला होता! जॉनी कॅशच्या मागे टिकटॉक वाजवणारा लूथर पर्किन्स एस्क्वायरवरच वाजवायचा. यार्डबर्ड्समध्ये जेफ बेकच्या हातातही १९५४ ची एस्क्वायर होती. दोघांचे आवाज एकमेकांच्या गावालाही जात नाहीत. ती पुढची अंधारी जागा मात्र आज फार कुणाला आवडत नाही. बरेच जण तिथे लहान कपॅसिटर टाकतात आणि अर्धवट दाबून धरलेल्या वा-वा पेडलसारखा आवाज मिळवतात. मलाही ते जास्त पटतं.

दुसरी गिटार म्हणजे गिब्सनची लेस पॉल ज्युनियर, १९५४ ची. शिकाऊ पोरांसाठी स्वस्तात काढलेली. लाकडाची सपाट फळी, एक पी-९० पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन. खटका नाही. स्वस्तातली म्हणून काढली आणि माउंटनच्या लेस्ली वेस्टपासून ग्रीन डेच्या बिली जो आर्मस्ट्राँगपर्यंत लोकांनी ती मोठ्या रंगमंचावर नेली. या गिटारीवरून मी एका तारेच्या गोष्टीकडे येतो.

व्हॉल्यूमच्या पॉटला तीन पाय असतात. पहिल्यावर पिकअपची तार येते, मधल्यावरून आवाज बाहेर जॅककडे जातो, तिसरा जमिनीला. आजच्या नेहमीच्या जोडणीत टोनकडे जाणारी तार पहिल्या पायावर असते. पन्नासच्या दशकातल्या गिब्सनमध्ये ती मधल्या पायावर असायची. फरक एका तारेचा, तोही एका पायाचा. पण वाजवताना काय होतं ते बघा. नेहमीच्या जोडणीत व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणला की आवाज कमी होतो आणि सोबत धारही मरते, जणू दुसऱ्या खोलीतून ऐकू येतंय. जुन्या जोडणीत व्हॉल्यूम कमी केला तरी धार बरीचशी टिकते. म्हणजे ॲम्प चढा ठेवून व्हॉल्यूम ५ वर स्वच्छ आवाज, १० वर खरखरता आवाज, आणि टोनचं बटण दोन्ही ठिकाणी कामाला तयार. एका पिकअपमधून चार गिटारी निघतात. याची किंमतही आहे. दोन्ही बटणं एकमेकांच्या कामात लुडबुड करतात, आणि व्हॉल्यूम खाली असताना टोन फिरवला तर आवाजाची पातळीही हलते. काहींना याचा राग येतो. मला नाही येत. सासू-सुनेसारखं आहे, एकमेकींचा अंदाज आला की घर छान चालतं.

कपॅसिटरच्या बाजाराबद्दल बोललो नाही तर पोटात दुखेल. जुन्या लेस पॉलमधले काळ्या अंगावर रंगीत पट्टे असलेले 'बंबलबी' कपॅसिटर आज दागिन्यांसारखे विकले जातात. तेलात बुडवलेला कागद, अमुक धातूचं वेष्टन, त्यामुळे आवाजाला म्हणे 'ऊब' येते. मला विचाराल तर एकाच किमतीचे, म्हणजे नीट मोजून एकाच मूल्याचे दोन कपॅसिटर या कामात कानाला सारखेच लागतात. जुन्या मालाचं मूल्य छापलेल्या आकड्यापासून सरकलेलं असतं, आणि ऐकू येणारा फरक बहुधा त्या सरकण्याचा असतो. गिटारच्या आत व्होल्ट ते किती, मिलिव्होल्टांपासून फार तर एखाद-दोन. तिथे साधा हिरवा पॉलिस्टर कपॅसिटर मजेत चालतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही सुट्ट्या भागांच्या दुकानात "२२३ द्या" म्हटलं की २२ नॅनोफॅरडचा मिळतो, १०३ म्हणजे १० चा, ४७२ म्हणजे ४.७ चा. सुटे एक-दोन मागितले तर दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतो, म्हणून सरळ दहा-दहा घ्यावेत.

एका वाद्याच्या एकाच नादातून रंग काढायची आपल्याकडे सवय जुनी आहे. तंबोऱ्याची घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा असतो. तो केसभर पुढे-मागे सरकवला की जवारी खुलते किंवा मिटते. तोच तंबोरा, त्याच तारा, तोच षड्ज, आणि आवाज कधी झगझगीत तर कधी मिटलेला. मिरजेचे कारागीर घोडी घासण्यात हयात घालवतात, पण शेवटचं केसभर सरकवणं गाणाऱ्याच्या बोटाचंच असतं. तो दोरा काढून टाका, तंबोरा जास्त मोकळा वाजेल, असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

बटणाने काय होत नाही तेही सांगतो, नाहीतर मी टोनचा विक्रेता वाटेन. टोन कितीही पिळला तरी ब्रिजजवळच्या पिकअपचा मानेजवळचा पिकअप होत नाही. मानेजवळचा पिकअप तारेच्या लांबीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर बसतो, आणि मोकळ्या तारेचा चौथा उपस्वर नेमका तिथेच स्थिर असतो, म्हणून तो त्याला जवळपास ऐकूच येत नाही. ही जागेची करामत आहे, ती सोल्डरने होत नाही. ज्याला तो गोड गोल आवाज मनापासून हवा आहे त्याने दोन पिकअपची गिटार घ्यावी. ज्याला घ्यायची नाही, किंवा घेता येत नाही, त्याने आधी हे करून बघावं.

तर भाचीबाई, असं कर. सुरुवातीला काहीच तोडू नकोस. आतल्या जोडणीचे दोन-तीन फोटो काढून ठेव. टोनच्या पॉटवर 'बी' असेल तर त्याच आकड्याचा 'ए' आण. कपॅसिटरचा एक पाय सुटा करून त्याच्या दोन जागांवरून दोन बारीक तारा झाकणाबाहेर काढ आणि त्यांच्या टोकाला मगरीच्या जबड्याचे चिमटे लाव. आता १०३, ४७२, २२३ एकेक करून चिमट्यात धर आणि टोन १० वरून ० पर्यंत सावकाश आणत तुझीच नेहमीची एक धून वाजव. आकडे बघायचे नाहीत. जो कपॅसिटर पूर्ण फेऱ्यात कुठेही निरुपयोगी वाटत नाही तो ठेव. माझा अंदाज १०३ चा आहे, पण कान तुझे. तो पक्का झाला की टोनची तार व्हॉल्यूमच्या पहिल्या पायावरून उचलून मधल्या पायावर लाव. सोल्डरची इस्त्री पॉटच्या पाठीवर फार वेळ टेकवून ठेवू नकोस, आतली पट्टी जळते. आणि पिकअपच्या त्या केसासारख्या तारेच्या आसपास तर गरम इस्त्री नेऊच नकोस. झाकण लावायच्या आधी एकदा ॲम्पला जोडून बघ. रविवारी दुपारी कर, आजोबा झोपलेले नसताना.